झिरकोनियाची कॅप: तेरा महिने, एक फट आणि तिळाची वडी

संक्रांतीच्या संध्याकाळी तिळाच्या वडीत खडा लागला. तीळ नीट निवडले नाहीत म्हणून बायकोला काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात जिभेच्या लक्षात आलं की खडा गुळगुळीत आहे आणि खाली डावीकडे एक भगदाड पडलंय. तळहातावर काढून बघितलं तर माझी दाढेवरची अकरा हजारांची कॅप, आणि तिच्या पोटात गूळ नि दोन तीळ. शेजारच्या वहिनी दारात 'गोड गोड बोला' म्हणत उभ्या होत्या. मी तोंड मिटून नुसती मान डोलावली.

यंदा हिने चिक्कीचा गूळ आणला होता. साध्या गुळाची वडी मऊ होते, चिक्कीच्या गुळाची दगड होते, हे मी दरवर्षी सांगतो. तसं म्हटल्यावर उत्तर आलं, "वॉरंटी कॅपला होती ना? वडीला नव्हती."

तर तेरा महिन्यांच्या वापरानंतरचा हा अनुभव. रूट कॅनाल म्हणजे किडलेल्या दाताची आतली नस काढून पोकळी भरणं, झिरकोनिया म्हणजे दाताच्या रंगाचं चिवट सिरॅमिक, याहून जास्त सांगत बसत नाही. ज्याच्यावर वेळ आलीय त्याला ते पाठ असतं.

दात छत्तीस नंबरचा. तोंडात एकूण बत्तीस, मग छत्तीसावा कुठून आला असं मीही विचारलं होतं. डेंटिस्ट लोक जबड्याचे चार भाग करतात, खालचा डावा भाग तिसरा आणि त्यातला पुढून सहावा दात, म्हणून तीन-सहा. केसपेपरवर मोठ्या अक्षरात ३६ लिहिलं होतं. माझा आणि या दाढेचा छत्तीसचा आकडा तिथेच कागदावर आला म्हणायचा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन सिटिंग झाली आणि ७ डिसेंबरला कॅप बसली. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरचा दवाखाना. बिल असं: एक्स-रेचे ३००, रूट कॅनालचे ६,५००, आत बांधकाम करून खुंट उभा करायचे १,५००, कॅपचे ११,०००. एकूण १९,३००. ठाण्याच्या एका चकचकीत चेन क्लिनिकने २७,००० सांगितले होते, वर कॉफी विचारली होती. मी कॉफी पिऊन निघालो.

आता लपवण्यात अर्थ नाही. हीच दाढ २०२१ मध्ये नुसती किडली होती आणि सिमेंट भरायचे १,२०० सांगितले होते. दुखत नव्हती, म्हणून मी म्हटलं बघू. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी हे गणित मला तीन वेळा ऐकवलं आणि तिन्ही वेळा माझ्या तोंडात हत्यार होतं, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

मेडिक्लेमची आशा असेल तर सोडून द्या. वीस वर्षं हप्ता भरतोय. पॉलिसीत दातांचं फक्त एवढंच आहे की अपघातात दात गेला आणि त्यासाठी ॲडमिट व्हावं लागलं, तर खर्च मिळेल. हिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "मग जिन्यावरून नीट पड."

पहिले तीन महिने मी या कॅपवर खूष होतो, हेही प्रामाणिकपणे लिहितो. रंग असा जुळला की आरशात कुठली दाढ ते शोधावं लागायचं. मॅडमनी शेडची पट्टी दातांशी धरून 'ए थ्री' म्हटलं होतं, म्हणजे थोडक्यात चहावाल्यांची शेड. दुखणं शून्य. भाजलेले चणे, उसाचे करवे, सगळं त्याच बाजूने चावून बघितलं. पैसे दिलेत तर वापर पूर्ण झाला पाहिजे. टिकाऊपणाला दहापैकी दहा. तडा नाही, टवका नाही. चिक्कीच्या गुळाशी झटापट होऊनसुद्धा कॅपवर साधा ओरखडा नव्हता. हरलं ते कॅप चिकटवणारं सिमेंट.

पण मला लिहायचंय ते फटीबद्दल.

छत्तीस आणि त्याच्या मागची सदतीस, यांच्यामध्ये फट राहिली होती. दिसत नाही. आरशात नाही, मोबाइलच्या टॉर्चमध्ये नाही. मेथीच्या भाजीला मात्र ती बरोबर दिसते. मेथी, कोथिंबिरीचं देठ, शेवग्याच्या शेंगेचा दोरा, कणसाची सालपटं, पोह्यातला शेंगदाणा, आणि रविवारी मटण. मटणाचा धागा त्या फटीत एकदा गेला की जीभ दिवसभर दुसरं काम करत नाही. मिटिंगमध्ये साहेब बोलतायत, माझा गाल आतून हलतोय. ऑफिसातल्या एका पोराने विचारलं, "काका, सुपारी सोडायचा प्रयत्न चालू आहे का?"

आधी टूथपिक वापरली. मार्चमध्ये हिरडी सुजली, ब्रश केला की रक्त. मॅडमनी टूथपिक बंद करायला लावली आणि ते बाटली धुवायच्या ब्रशची बाळं असावीत तसे दिसणारे इंटरडेंटल ब्रश दिले. पाचांचं पाकीट २४० रुपयांना, आणि मी कितीही जपून वापरलं तरी दीड महिन्यात संपतं. दहा महिन्यांत सात पाकिटं, १,६८० रुपये. फ्लॉसच्या चार डब्या, प्रत्येकी १५०. एकूण २,२८०. म्हणजे या फटीचं भाडं महिन्याला सव्वादोनशेच्या वर. आमच्या सोसायटीत सायकल लावायला एवढं पडत नाही. टूथपेस्ट, टूथब्रश आणि फ्लॉस यांच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, पण दुकानदाराकडे दिवाळीनंतरही 'जुना माल' चालूच होता. फ्लॉसच्या त्या डबीवरून मी त्याच्याशी पंधरा मिनिटं भांडलो. अठरा रुपये सुटले.

फटीची तक्रार मी दवाखान्यात दोनदा केली. पहिल्यांदा ऐकलं, "सवय होईल." दुसऱ्यांदा, "कॅप कापून नवी करावी लागेल काका." अकरा हजारांची वस्तू बिघडलेली नाही, तुटलेली नाही, आणि दुरुस्तीचा उपाय काय, तर ती कापायची. मी म्हटलं राहू दे.

जूनमध्ये भाची घरी आली. बीडीएसच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या, शेवटच्या वर्षाला आहे. जेवताना माझी जिभेची कसरत बघून म्हणाली, "मामा, तू फ्लॉस घातल्यावर अडतो का रे तिथे?" मी म्हटलं, नाही, सरळ आत जातो, त्याचंच कौतुक वाटतं. "कौतुक कसलं? टक् आवाज होऊन अडकत जायला पाहिजे. दोन दाढा एकमेकींना टेकायला हव्यात, त्याला कॉन्टॅक्ट म्हणतात. तुझा कॉन्टॅक्टच नाहीये. कॅप बसवताना चेक करतात हे, चिकटवायच्या आधी." कॅप बसवताना निळा कागद चावायला लावला होता, तो वरच्या दाढेशी उंची जुळते का ते बघायला. शेजारणीशी जुळते का, ते बघायचं राहिलं असावं. भाचीने वर आणखी घाबरवलं, की अन्न असंच अडकत राहिलं तर सदतीस किडेल. त्या रात्री मी १९,३०० गुणिले दोन करत जागा होतो.

पुढचं भांडण वॉरंटी कार्डचं. झिरकोनियासोबत प्लॅस्टिकचं कार्ड मिळतं, होलोग्राम, नंबर, दहा वर्षं. मी ते फ्रिज आणि मिक्सरच्या कार्डांच्या फाइलमध्ये ठेवलं होतं. कॅप पडल्यावर पहिल्यांदा भिंगातून वाचलं. वॉरंटी कॅप तुटली किंवा तडा गेला तर. निसटली तर नाही. आतला दात किडला तर नाही. फट राहिली तर, फटीचं नावही नाही. शिवाय दर सहा महिन्यांनी तपासणीची नोंद हवी. तपासणीचे ३००, दहा वर्षांत वीस वेळा, म्हणजे ६,००० रुपये भरून ११,००० च्या वस्तूची वॉरंटी जिवंत ठेवायची. आणि वॉरंटी फक्त अशा गोष्टीची, जी या वस्तूला होतच नाही!

इथवरचं मी १४ जानेवारीच्या रात्री लिहिलं होतं, कॅप स्टीलच्या कुंकवाच्या डबीत ठेवून. शेवटची ओळ होती, 'घेऊ नका, साधी धातूची बसवा.' दुसऱ्या दिवशी महापालिकेचं मतदान, दवाखाना बंद. बोटाला शाई लावून आलो आणि उजव्या बाजूने जेवलो. १६ तारखेला डबी खिशात घालून, भांडणाचे मुद्दे पाठ करून गेलो. तिथून आल्यावर ती ओळ खोडली आहे.

झालं असं की मॅडमनी कॅप हातात घेतली, फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "काका, बरं झालं निघाली." मी भडकणार होतो. त्यांनी समजावलं ते असं: कॅप तोंडात चिकटलेली असताना फट भरता येत नाही, म्हणून त्या कापायची म्हणत होत्या. ती आपणहून अख्खी बाहेर आल्यावर मात्र लॅबमध्ये कडेला पोर्सेलीनचा थर चढवून, भट्टीत भाजून, सदतीसपर्यंत पोचवता येते. म्हणजे जे काम दहा महिने 'होणार नाही' होतं, ते दहा रुपयांच्या चिक्कीच्या गुळाने करून दिलं. हिला अजून हे सांगितलेलं नाही.

मग दराची बोलणी. त्यांनी चिकटवायचे ८०० आणि लॅबचे १,५०० सांगितले. मी फ्लॉस मागितला, शेजारच्या चांगल्या दाढांत घालून टक् आवाज ऐकवला आणि म्हटलं, "मॅडम, असा आवाज पहिल्या दिवशी यायला हवा होता ना?" 'कॉन्टॅक्ट' हा शब्द मी मुद्दाम दोनदा वापरला. त्या जरा थांबल्या, हसल्या, आणि म्हणाल्या, "लॅबचे राहू द्या." चिकटवायचे ८०० मी दिले, कारण खुंट बुटका आहे आणि यावेळी जास्त पकड असलेलं रेझिन सिमेंट लावणार होत्या. एक्स-रेचे ३०० दिले ते मात्र अजून खुपतात. आत सगळं ठीक आहे हे कळायला ३००, आणि ठीकच निघालं.

चार दिवस तात्पुरती प्लॅस्टिकची टोपी होती, तोंडाला सतत लवंगेचा वास. मंगळवारी कॅप परत बसली. चिकटवायच्या आधी मीच फ्लॉस मागून घेतला. टक्. दोनदा करून बघितलं. त्या दोरीच्या आवाजाने मला कॅप पहिल्यांदा बसली तेव्हापेक्षा जास्त आनंद झाला.

दातांचं एवढं महाग का, यावर मी त्या चार दिवसांत बराच विचार केला. भाचीने सांगितलं त्याप्रमाणे ११,००० मधला लॅबचा वाटा लहान असतो, साधारण पाव हिस्सा. बाकीचं खुर्ची, जागा, असिस्टंट, निर्जंतुकीकरणाचं यंत्र, आणि दाढेच्या मुळांमधल्या तीन-चार नळ्यांत उतरून त्या साफ करणाऱ्या केसाएवढ्या फायली, म्हणजे बारीक कानशी. फायली वापरून वापरून आतच तुटतात, म्हणून वेळेवर फेकाव्या लागतात म्हणे. पटतं. तरी पावशेर मटण घेताना आपण काटा बघतो, इथे काटाच नसतो. तीन दवाखान्यांत एकाच दाढेचे तीन भाव, आणि तिन्ही ठिकाणी ते तेवढ्याच शांत चेहऱ्याने सांगतात.

स्वस्तात करायचं तर मार्ग आहे. मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. माझ्या मेव्हण्याने असंच कॉलेजात केलं, धातूची कॅप. सात फेऱ्या झाल्या, कारण शिकणारी पोरं प्रत्येक पायरीवर सरांना दाखवून मगच पुढे जातात. एकूण खर्च माझ्या एका सिटिंगपेक्षा कमी आणि त्याच्या कॅपला फट नाही. सात रजा काढणं मला जमलं नसतं, असं मी तेव्हा म्हणालो होतो. आता दवाखान्याच्या फेऱ्या मोजल्या तर माझ्या अकरा झाल्यात.

एकूण हिशेब: १९,३००, फटीचं भाडं २,२८० आणि आता १,१००. म्हणजे २२,६८०. पोर्सेलीन चढवल्यामुळे वॉरंटी रद्द झाली असणार, कार्डावर तसं लिहिलंय, त्यामुळे सहा महिन्यांचे ३०० वाचतील.

कॅप घेणार असाल तर धातूची की झिरकोनियाची, यात माझं डोकं आता फारसं चालत नाही. कायमची चिकटवायच्या आधी "जरा थांबा" म्हणा आणि फ्लॉस घालून बघा. अडला तर चिकटवू द्या. डॉक्टरांना राग आला तरी चालेल, कॅप तुमच्या तोंडात राहणार आहे. आणि पुढच्या संक्रांतीला गूळ मी स्वतः आणणार आहे.

काल मेथी केली होती. मुद्दाम डावीकडून खाल्ली, काही अडकलं नाही. शेवटच्या पाकिटातले तीन ब्रश उरलेत. ते हिने शिलाई मशीनच्या बॉबिनखालचा दोरा-धूळ काढायला घेतले. तिथे छान चालतात म्हणाली.