फ्लास्क आणि सायकोपीजी२ : छाटणीपासून तोडणीपर्यंतचा अनुभव

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाऊससाठी क्रेटच्या वजनाच्या नोंदींचं अ‍ॅप मी ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास सुरू केलं. फ्लास्क (पायथनमध्ये वेब-अ‍ॅप लिहायची चौकट), पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि दोघांना जोडणारी पायथन लायब्ररी सायकोपीजी२. फेब्रुवारीत तोडणीचा जोर आला, गेटवर गाड्यांची रांग लागली आणि एका सकाळी अ‍ॅपनं वजन घेणंच थांबवलं. लॉगमध्ये एकच तक्रार : कनेक्शन पूल (डेटाबेसशी जोडलेल्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनचा साठा) संपला. काट्यावरच्या ताईंनी वहीत नोंदी ठेवल्या म्हणून शेतकऱ्यांचा हिशेब वाचला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पूल 20 कनेक्शनचा होता. प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला कनेक्शन घ्यायचं, शेवटच्या ओळीत परत करायचं, अशी माझी पद्धत. पण वजनाचा रकाना रिकामा राहिला की आकड्यात बदलताना मधेच एरर यायची आणि ती शेवटची ओळ चालायचीच नाही. अशा वीस रिकाम्या नोंदी झाल्या आणि पूल कोरडा पडला. सायकोपीजी२ चा पूल वाट पाहत नाही, थेट एरर देतो. चालू कनेक्शनं दाखवणाऱ्या पोस्टग्रेसच्या पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत ती कनेक्शनं 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणून, म्हणजे व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडा ठेवून नुसती बसलेली, अशी अडकलेली दिसली. पायथनचं 'विथ' (काम संपल्यावर आवराआवर करणारी रचना) वापरलं की कनेक्शन आपोआप सुटतं, असा माझा समज होता. तसं नाही : कर्सरवरचं (क्वेरी चालवून ओळी आणतो तो कर्सर) 'विथ' कर्सर बंद करतं, कनेक्शनवरचं मात्र फक्त कमिट (बदल पक्के) किंवा रोलबॅक (बदल रद्द) करतं.

आता कनेक्शन फ्लास्कच्या 'जी' मध्ये (एका रिक्वेस्टपुरत्या गोष्टी ठेवायची जागा) ठेवतो आणि रिक्वेस्ट संपताना चालणाऱ्या टीअरडाऊन_अ‍ॅपकॉन्टेक्स्टमध्ये परत करतो. एरर आली तरी ते चालतंच. उत्तर पाठवण्याआधी चालणाऱ्या आफ्टर_रिक्वेस्टचा तसा भरवसा नाही. परत करताना अपुरा व्यवहार पूल रोलबॅक करतो, म्हणून कमिट विसरून चालत नाही. त्या दिवसापासून पूल एकदाही संपलेला नाही.

हंगामाच्या पूर्ण यादीची सीएसव्ही काढताना मात्र पुन्हा अडखळलो. साधा कर्सर सगळ्या ओळी एकदम मेमरीत आणतो, म्हणून नाव दिलेला सर्व्हर-साइड कर्सर (ओळी डेटाबेसकडेच ठेवून थोड्या थोड्या आणणारा) घेतला. तो फिरवताना 2000-2000 ओळी आणतो. पण फाईल वाहायला लागेपर्यंत टीअरडाऊन उरकलेलं, व्यवहार गुंडाळलेला, कर्सर गेलेला! फाईल पूर्ण जाईपर्यंत टीअरडाऊन थांबवणारं फ्लास्कचं स्ट्रीम_विथ_कॉन्टेक्स्ट लावल्यावर सुरळीत झालं.

नव्यानं सुरू करणाऱ्यांना ही जोडी मी नक्की सुचवेन, फक्त टीअरडाऊन पहिल्याच दिवशी लिहा. रात्रीच्या बेरजेची स्क्रिप्ट फ्लास्कबाहेर चालते, तिला ही सोय नाही. तिथं ट्राय-फायनली (एरर आली तरी शेवटचा भाग चालवणारी पायथनची रचना) लावलं आहे.