केकचा उंच हवाबंद डबा: एक पावसाळा आणि एक दिवाळी वापरून झाल्यावर

मे महिन्यात क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने हा डबा आणला. तळाला सपाट ताट, वरून घुमटासारखं पारदर्शक झाकण, कडेला सिलिकॉनची रिंग आणि चार बाजूंनी क्लिपा. किंमत हजाराच्या आत. मी डोंबिवलीत घरून केक करते, मुख्यतः शनिवार-रविवारच्या ऑर्डरी. केक आदल्या दिवशी सजवून ठेवल्याशिवाय सकाळी अकराची डिलिव्हरी जमत नाही, म्हणून हा खटाटोप. श्रावणात सगळे एगलेस मागतात, गणपतीत वाढदिवस थांबत नाहीत, दिवाळीनंतर तर साखरपुडे. आता ख्रिसमसच्या ऑर्डरी लागल्यात, तेव्हा लिहायला हरकत नाही.

डबा केक ताजा ठेवतो का? अर्धवट. स्पंज मुळात कोरडा असेल तर जगातला कुठलाही डबा त्याला मऊ करणार नाही. आणि फ्रिजमध्ये ठेवलं की टिकतं हा समज केकच्या बाबतीत अर्धाच खरा. मैद्यातला शिजलेला स्टार्च थंडीत परत घट्ट होत जातो आणि हे सगळ्यात जोरात होतं ते फ्रिजच्याच तापमानाला. पाव फ्रिजमध्ये ठेवला की दुसऱ्या दिवशी चामट लागतो, ते त्यामुळेच. उणे १८ अंशांना ही क्रिया जवळपास थांबते. म्हणून मी स्पंज बुधवारी-गुरुवारी भाजते, पूर्ण गार झाला की क्लिंग फिल्मचे दोन वेढे, वर फॉइल, आणि थेट फ्रीझरमध्ये. शुक्रवारी काढायचा तो गुंडाळलेलाच राहू द्यायचा, म्हणजे सुटणारं पाणी फिल्मवर बसतं, स्पंजवर नाही. मग सोकिंग (स्पंज साखरेच्या पाण्याने भिजवणं), क्रीम, सजावट आणि त्यानंतर डबा. सजवलेला केक फ्रिजमध्ये एक रात्र काढतो, फार तर दोन. त्यापुढची हमी मी देत नाही, गिऱ्हाइकालाही नाही.

स्पंज कसला, यावरही बरंच अवलंबून आहे. कंडेन्स्ड मिल्क आणि बटरचा एगलेस स्पंज फ्रिजमधून काढल्यावर दगड होतो, कारण बटर गोठतं. तेल-दह्याचा तसाच मऊ राहतो, तेल फ्रिजमध्येही पातळच असतं. आदल्या दिवशी करायच्या केकसाठी मी आता तेलाचाच करते. चव बटरची हवी असेल तर खायच्या आधी बाहेर काढून ठेवायला सांगते.

आता डब्याचं खरं काम. आमचा फ्रिज फ्रॉस्ट-फ्री आहे. त्यात पंखा सतत कोरडी थंड हवा फिरवत असतो, त्यामुळे पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये ठेवलेल्या केकच्या क्रीमच्या कडा सकाळपर्यंत पिवळसर पडायच्या आणि गुलाबाच्या पाकळ्यांना बारीक भेगा जायच्या. डब्यात हे पूर्ण थांबलं. वासाचंही तेच. क्रीम आणि बटर वास लगेच पकडतात, आणि आमच्या फ्रिजमध्ये सासूबाईंची लसणाची चटणी, मेथी आणि रविवारचे बोंबील यांचं राज्य असतं. डब्यातल्या व्हॅनिला केकला वास लागल्याची तक्रार आजवर नाही. सासूबाईंची मात्र आहे: "अगं, हा घुमट आत ठेवलास तर माझं दही कुठे विरजू?" रास्त प्रश्न आहे. मधली एक जाळी काढल्याशिवाय डबा मावत नाही.

पण ज्यासाठी मी हा डबा परत घेईन ती गोष्ट फ्रिजच्या आतली नाहीच, बाहेर काढल्यानंतरची आहे. जुलैत आमच्याकडे हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड जे काही उघड्यावर येईल त्याला पाणी सुटणारच. फ्रिजमधला केक ४-५ अंशांवर. उघडा काढला की पाच मिनिटांत फाँडंट (केकवर चढवलेला साखरेचा लाटलेला थर) चकचकीत होतं, मग चिकट, मग काळ्या-लाल रंगाचे ओघळ खाली. साखर हवेतलं पाणी ओढते ते वेगळंच. डबा बंदच ठेवून बाहेर काढला की हे सगळं झाकणाच्या बाहेरच्या बाजूला घडतं. एकदा ओट्यावर ठेवून पाहत बसले होते: आधी झाकण दुधी झालं, आतलं काही दिसेना, मग थेंब जमून एकेक रेघ खाली यायला लागली आणि ताटाखाली पाण्याचं कडं तयार झालं. कोरड्या फडक्याने पुसलं, केक खोलीच्या तापमानाला आल्यावर क्लिपा काढल्या, आत निळं फाँडंट पावडर लावल्यासारखं कोरडं. फाँडंटचा, आतून गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) असलेला केक असा दोन-तीन तास बंद ठेवायला मला काही वाटत नाही. क्रीमचा केक मात्र एवढा वेळ बाहेर नको. तो थंडच न्यायचा, पोचल्यावर डब्यासकट फ्रिजमध्ये, आणि कापायच्या थोडंच आधी उघडायचा. हे मी डिलिव्हरीच्या वेळी तोंडी सांगते आणि झाकणावर चिठ्ठीही लावते, कारण घरात पोचताक्षणी सगळ्यांना आधी फोटो हवा असतो.

काही गोष्टी डबासुद्धा वाचवत नाही. खाण्याच्या शाईने छापलेला फोटो क्रीमवर रात्रभर ठेवलात तर सकाळी वाढदिवसाच्या मुलाच्या डोळ्यांभोवती जांभळी वर्तुळं दिसतात. ओल खालून, क्रीममधून येते, झाकण काय करणार? फोटो निघायच्या आधी लावायचा, जमलं तर पांढऱ्या चॉकलेटच्या पातळ चकतीवर चिकटवून. वेफर पेपरची (खाता येणाऱ्या पातळ कागदाची) फुलपाखरं मऊ पडून पंख मिटतात, तीही शेवटीच. चंदेरी गोळ्या, स्प्रिंकल्स यांचा रंग उतरतो. चिरलेली ताजी फळं तर सगळ्यात वाईट, बंद डब्यात त्यांचं पाणी बाहेर जायला वावच नाही. अननस मी साखरेत शिजवून, निथळून मधल्या थरात घालते आणि वरची सजावट सकाळी करते. स्ट्रॉबेरी अख्खी, देठासकट, पुसून कोरडी केलेली चालते. चिरून ठेवली की क्रीमवर गुलाबी डाग हमखास.

क्रीमबद्दल थोडं. आपल्याकडे बहुतेक होम बेकर वापरतात ते नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम, म्हणजे वनस्पती तेलाचं, त्यात साखर आणि स्टॅबिलायझर (क्रीमचा आकार टिकवणारे पदार्थ) आधीच असतात. ते आदल्या दिवशीच्या कामाला बिनधास्त आहे, पायपिंग सकाळी जसंच्या तसं. चव मात्र जिभेवर मेणचट थर ठेवणारी, खोटं कशाला बोलू. दुधाचं क्रीम चवीला कितीतरी सरस, पण रात्रीत थोडं बसतं आणि खालून पाणी सोडतं. ते मागणाऱ्यांना मी सकाळीच सजवून देते आणि पैसे जास्त घेते.

कापलेल्या केकसाठी हा डबा घेऊ नका. एवढ्या मोठ्या घुमटात उरलेल्या दोन तुकड्यांच्या कापलेल्या बाजू उघड्याच राहतात. कापलेल्या बाजूला क्लिंग फिल्म अगदी चिकटवून लावायची आणि लहान डब्यात भरायचं.

डब्याच्या दर्जाबद्दल: तिसऱ्या महिन्यात एक क्लिप तुटली. दुकानदाराने फोनवर "सुटी क्लिप येत नाही, नवीन डबा घ्या" असं सांगून विषय संपवला. तिथे आता मी रुंद रबर लावते, चालतंय. झाकणावर घासणीचे ओरखडे पडतात, मऊ स्पंजनेच धुवा. सिलिकॉनची रिंग दर वेळी काढून, धुऊन, पंख्याखाली वाळवून मगच बसवा. पावसाळ्यात ओली राहिली की खाचेत काळी बुरशी धरते, आणि ती वरून दिसत नाही. ताटावर केक घसरतो, म्हणून बोर्डखाली ओलं करून पिळलेलं पातळ फडकं किंवा रबरी जाळीचा तुकडा ठेवायचा. एवढी काळजी घेतली की रिक्षात मांडीवर ठेवून न्यायला उत्तम. लोकलने दुपारी लेडीज डब्यातूनही नेलाय, बायका आपणहून जागा करून देतात. संध्याकाळच्या गर्दीत मात्र नाव काढू नका.

अर्धा आणि एक किलोचे केक यात बसतात. उंच टॉपर (केकवर खोचायची सजावट) असेल तर तो वेगळा न्यायचा. दोन मजली केक मावत नाही, त्यासाठी माझा अजूनही पुठ्ठ्याचा बॉक्सच आहे: फाँडंटचा केक आत, बॉक्स बंद, आणि बाहेरून क्लिंग फिल्मचे दोन-तीन वेढे. आतली थोडी ओल पुठ्ठा शोषून घेतो, बाहेरची फिल्म अडवते. बॉक्स ओला झाला तर टाकून द्यायचा, चाळीस रुपयांचं तर काम.