डेडलिफ्ट आधी की केटलबेल आधी? टीएससीच्या तयारीचे तीन मार्ग

स्ट्राँगफर्स्ट या संस्थेच्या टॅक्टिकल स्ट्रेंग्थ चॅलेंज, अर्थात टीएससी, या स्पर्धेत एकाच दिवशी तीन कसोट्या असतात: आधी डेडलिफ्टचे, म्हणजे जमिनीवरचा वजनांचा बार उभे राहून मांड्यांपर्यंत उचलण्याचे, तीन प्रयत्न, मग पुल-अप्स आणि शेवटी पाच मिनिटांत केटलबेलचे, म्हणजे मूठ असलेल्या लोखंडी गोळ्याचे, जास्तीत जास्त स्नॅच (गोळा पायांमधून एका झटक्यात डोक्यावर नेणे). खुल्या गटात पुरुषांना २४ किलोची आणि महिलांना १६ किलोची केटलबेल असते. हे आकडे ‘पूड’ या जुन्या रशियन मापातून आले आहेत; एक पूड म्हणजे १६.३८ किलो, आणि दीड पूड म्हणजे साधारण २४ किलो. पुल-अप्सचा विषय स्वतंत्र असल्याने येथे फक्त पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीचा, म्हणजे एकदाच उचलायच्या जड वजनाचा आणि शंभराच्या आसपास जाणाऱ्या स्नॅचचा, मेळ कसा घालावा एवढेच पाहू.

दोन्ही व्यायाम खुब्यातून वाकण्याचे आहेत, त्यामुळे एक केला की दुसरा आपोआप सुधारेल असे वाटते. ते अर्धेच खरे आहे. स्नॅचचा पाया असलेल्या स्विंगमध्ये, म्हणजे केटलबेल पायांमधून मागे नेऊन पुढे छातीपर्यंत झुलवण्यात, केटलबेल मागे जाताना मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात आणि तो ताणच पुढच्या झटक्याला बळ देतो. डेडलिफ्टमध्ये मात्र बार जमिनीवर निश्चल पडलेला असतो आणि पहिला इंच उसन्या वेगाशिवाय उचलावा लागतो. पाठीवरचा भारही वेगळ्या प्रकारचा असतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅकगिल आणि मार्शल यांच्या अभ्यासात असे दिसले, की स्विंग करताना कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांदरम्यानचा सरकवणारा भार नेहमीच्या उचलण्यातील भाराच्या उलट दिशेने पडतो. म्हणूनच जड डेडलिफ्टला सरावलेली पाठ स्विंगने कुरकुरते आणि स्विंगला सरावलेली पाठ बारखाली थरथरते, अशी दोन्ही प्रकारची माणसे जिममध्ये भेटतात.

पहिला मार्ग डेडलिफ्टला मुख्य मानण्याचा आहे. आठवड्यातून दोनदा बार, त्यातील एक दिवस जड आणि एक मध्यम. शिवाय दोन दिवस १०० ते १५० स्विंग, तेही दहा-दहाच्या सेटमध्ये आणि पुरेशी विश्रांती घेऊन. यात थकवा आटोक्यात राहतो, बारवरचे वजन वाढत जाते आणि स्विंगचा झटका ताजा राहतो. उणीव एकच, पण मोठी आहे: पाच मिनिटांचा दम यातून येत नाही. पाच मिनिटांत १०० स्नॅच म्हणजे दर तीन सेकंदांना एक, आणि दहाच्या सेटनंतर निवांत श्वास घेणाऱ्याला हा वेग तिसऱ्या मिनिटात गाठतो.

दुसरा मार्ग आवर्तनांच्या राशीचा आहे. डॅन जॉन या अमेरिकी प्रशिक्षकाचा दहा हजार स्विंगचा कार्यक्रम त्याचा परिचित नमुना आहे: २० सत्रे, प्रत्येकी ५०० स्विंग, चार ते पाच आठवड्यांत पूर्ण. स्विंग १०, १५, २५ आणि ५० अशा चढत्या सेटमध्ये करायचे आणि मधल्या वेळेत एखाद्या ताकदीच्या व्यायामाची एक, दोन, तीन आवर्तने घ्यायची. २४ किलोने एका सत्रात १२,००० किलोचा गठ्ठा, म्हणजे उचललेल्या वजनाची बेरीज, होतो. १२० किलोवर पाच-पाचचे पाच सेट मारणाऱ्याचा गठ्ठा ३,००० किलोच भरतो. या दोन बेरजांची थेट तुलना फसवी आहे, कारण कमाल ताकद हलक्या वजनाच्या बेरजेतून येत नाही. तरी पंजे, पुढचे हात आणि कंबर यांना ती बेरीज मोजावीच लागते.

ती कशी मोजली जाते हे मी स्वतः पाहिले. ५०० स्विंग केल्याच्या दुसऱ्या दिवशी, एरवी तीन आवर्तने सहज होणाऱ्या १४० किलोवर, बार गुडघ्यापर्यंत नेहमीसारखा आला. पाठ सरळ होती, दमही होता, पण उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका उघडली आणि बार खाली गेला. दोष पाठीचा नव्हता, ग्रिपचा होता. स्पर्धेच्या केटलबेलची मूठ साधारण ३३ ते ३५ मिलिमीटर जाड असते आणि पॉवरलिफ्टिंगचा बार २८ ते २९ मिलिमीटर. जाड मुठीवर पाचशे वेळा आवळलेली बोटे दुसऱ्या दिवशी बारीक बारवरही पुरत नाहीत. (आपल्याकडे करेल, म्हणजे तालमीतला जड मुद्गल, फिरवलेल्या माणसाची ग्रिप सहसा चांगली असते, त्याची अडचण खुब्यातून वाकण्याची असते, पकडीची नव्हे.)

या मार्गाचा लाभ कोणाला होतो, हे सुरुवातीच्या आकड्यांवर ठरते. डेडलिफ्ट १२० किलोच्या आसपास असलेल्याला हजारो स्विंगमधून वाकण्याची घडी, पाठीचा टिकाऊपणा आणि थोडी ताकदही मिळते, आणि महिन्याने बारवर त्याचा आकडा पुढे गेलेला दिसू शकतो. दोनशे किलो ओढणाऱ्याला २४ किलोची केटलबेल ताकदीसाठी फार हलकी आहे. त्याने तो महिना फक्त दमासाठी खर्च केला, असेच म्हणावे लागेल.

तिसरा मार्ग दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात कोंबण्याऐवजी पंचांगावर मागे-पुढे ठेवण्याचा आहे, आणि बारा आठवडे हातात असतील तर माझा कौल त्यालाच आहे. पहिले चार आठवडे स्विंगची रास, त्यात डेडलिफ्ट आठवड्यातून एकदाच आणि मध्यम वजनावर. पुढचे पाच आठवडे जड डेडलिफ्ट, स्विंग शंभराच्या आत. शेवटचे तीन आठवडे डेडलिफ्ट कमी आवर्तनांत जड ठेवून प्रत्यक्ष स्नॅचचा सराव. शेवटच्या टप्प्यात स्विंग नव्हे, स्नॅचच हवा, कारण मूठ हाताभोवती कशी वळते आणि केटलबेल खाली कशी सोडायची, हे स्विंग शिकवत नाही. घट्ट आवळून सोडली की केटलबेलची मूठ घट्ट्याची कातडी ओढत नेते आणि तळहात फाटतो. बोटांच्या हुकात आणून, शरीराजवळून सोडली तर कातडी वाचते.

सहाच आठवडे उरले असतील तर दुसरा मार्ग सोडावा. १८० किलो ओढणाऱ्या पण ७० स्नॅचवर थांबणाऱ्याने पहिला मार्ग धरून एका स्विंगच्या दिवशी त्याऐवजी पाच मिनिटांचे घड्याळ लावून स्नॅच करावेत; ११० स्नॅच आणि १२० किलो डेडलिफ्ट असलेल्याने केटलबेलचा एक दिवस कमी करून तो बारला द्यावा. नियमानुसार स्नॅचमध्ये हात कितीही वेळा बदलता येतो आणि केटलबेल खालीही ठेवता येते, म्हणून दर मिनिटाला ठरावीक आकड्यावर हात बदलण्याची सवय सरावातच लावावी. घट्टे शेवटच्या आठवड्यात दर दोन दिवसांनी, आंघोळीनंतर कातडी मऊ असताना, फाइलने घासून सपाट ठेवावेत.