अंदमानची लाट, जळगावचा डेस्कटॉप: केडीव्ही, रॉम्स की एमआयटीजीसीएम?

तापी इथून सुरतेकडे जाते, तोच काय तो आपला समुद्राशी संबंध. तरी खानदेशातून कुणी ना कुणी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी विचारतोच: अंतर्गत लाटांवर (पाण्याच्या पोटातल्या, हलक्या आणि जड थरांच्या सीमेवरच्या) प्रकल्प करायचाय, मॉडेल कोणतं घेऊ? पर्याय तीन: केडीव्ही हे नुसतं एक समीकरण, रॉम्स आणि एमआयटीजीसीएम ही समुद्राची संगणकीय मॉडेलं. हाताशी सहसा एक डेस्कटॉप असतो आणि सहा महिने. ते धरूनच बोलतो.

ताक तसंच ठेवलं की वर निवळ पाणी, खाली दाट थर. पेला हलकेच कलता करून सरळ करा, वरचा पृष्ठभाग लगेच शांत होतो, मधली सीमा मात्र संथ हेलकावत राहते. समुद्रातही तेच. घनतेतला फरक घनमीटरमागे चारेक किलोचा, म्हणून लाट मंद पण प्रचंड. ऑस्बोर्न आणि बर्च यांनी १९८० मध्ये अंदमान समुद्रातल्या ज्या सॉलिटॉन लाटा (आकार न बदलता एकट्याने पुढे जाणाऱ्या) मांडल्या, त्यांची उंची साठेक मीटरच्या घरात जाते.

केडीव्ही, म्हणजे कोर्तेवेग आणि द फ्रीस यांचं १८९५ चं समीकरण, सगळ्यात स्वस्त. पायथॉनमध्ये शंभर ओळींत बसतं. वरचा थर १०० मीटर, खालचा १४०० धरला तर रेषीय वेग सेकंदाला सुमारे १.९ मीटर येतो, आणि ६० मीटरच्या सॉलिटॉनची रुंदीची मोजपट्टी साधारण ५८० मीटर. अर्थात १०० मीटरच्या थरात ६० मीटरची लाट ‘लहान’ म्हणवत नाही, त्यामुळे हे आकडे अंदाजच. पण आठवडाभर हेच करा. पुढची सगळी निवड त्या ५८० वर उभी आहे.

कारण खरा वाद मॉडेलच्या नावांचा नाहीच, हायड्रोस्टॅटिक (दाब फक्त वरच्या पाण्याच्या वजनावरून काढायचा) की नॉनहायड्रोस्टॅटिक (पाण्याचं उभं त्वरणही धरायचं) हा आहे. लाट पुढे जाताना तिचा उतार उभा होत जातो. त्याला आवर घालतं ते अपस्करण (डिस्पर्शन, म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या लाटांनी वेगवेगळ्या वेगाने जाणं), आणि ते उभ्या त्वरणातून येतं. हायड्रोस्टॅटिक मॉडेल नेमकं तेच त्वरण टाकून देतं. मग लाट मोडायला हवी ना? मोडत नाही! ग्रिडची, म्हणजे मॉडेल समुद्र ज्या चौकटींत तोडतं त्या जाळीची, स्वतःची आकडेमोडीची चूक अपस्करणासारखी वागते आणि पडद्यावर देखणी लाटांची माळ उमटते. मी १ किलोमीटरच्या, म्हणजे त्या ५८० मीटरहून रुंद, ग्रिडवर अशी माळ पाहून दोन दिवस खुशीत होतो. ग्रिड अर्ध्यावर आणला, लाटा अरुंद झाल्या. समुद्र तोच होता, बदललं होतं फक्त ग्रिड. व्हिटोसेक आणि फ्रिंजर यांनी २०११ मध्ये यावर साधा निकष दिला: आडवा ग्रिड वरच्या थराच्या खोलीपेक्षा मोठा नको. आपल्या उदाहरणात १०० मीटर.

आता हिशेब करा. १०० किलोमीटरचा उभा छेद, १०० पातळ्या: १ लाख पेशी. डेस्कटॉप हसत करेल. तेच १०० बाय १०० किलोमीटरचा चौरस धरून त्रिमितीत घेतलं की १० कोटी, आणि वर प्रत्येक टप्प्याला दाबाचं त्रिमितीय समीकरण सोडवायचं. ते विसरा.

म्हणून माझा कौल एमआयटीजीसीएमच्या उभ्या छेदाला. नॉनहायड्रोस्टॅटिक पर्याय आत आहे, अंतर्गत लाटेचं तयार उदाहरणही सोबत मिळतं. फोरट्रानचा जुना बाज आणि सेटिंगच्या फायली पहिला महिना छळतील. खुल्या सीमेवर शोषक पट्टा द्यायला विसरलात तर परतलेली लाट सगळा निकाल गढूळ करेल.

रॉम्स वाईट नाही, त्याचा प्रश्न वेगळा. १२.४२ तासांची एम-टू भरती (चंद्रामुळे येणारी मुख्य भरती) समुद्रतळाच्या कड्यावर आदळून किती ऊर्जा अंतर्गत भरतीत (भरतीच्याच लयीतल्या अंतर्गत लाटेत) जाते, ती कुठवर पोचते, असं शेकडो किलोमीटरचं चित्र हवं असेल तर रॉम्स घ्या. तिथे हायड्रोस्टॅटिक चालून जातं. त्याचे थर तळाच्या चढउतारानुसार वाकतात. पण तीव्र उतारावर दाबाच्या गणितातली चूक खोटे प्रवाह निर्माण करते. म्हणून लोक तळ गुळगुळीत करतात. आणि अंतर्गत भरतीचा जन्म तर त्या उतारावरच! किती घासायचं, हे ठरवण्यातच एक प्रकरण खर्ची पडतं. सहा महिन्यांत नको.

एक घरगुती सूचना: मे महिन्यात रन रात्रीच लावा, आणि पिकअप फाइल (मॉडेलची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) थोड्या थोड्या वेळाने लिहायला सांगा. लाइट गेली तर पहिल्या भरतीपासून सुरुवात करावी लागत नाही.