लॅमिंग्टन रोडवर रॅम टाकून घेतली, ५ पैकी ४ स्टार

एक स्टार कापलाय तो वाट बघायला लावली म्हणून, बाकी काम चोख.

माझा लॅपटॉप जुना, रॅम (उघडलेलं काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी) फक्त ४ जीबी, टॅली आणि क्रोमचे चार टॅब एकदम उघडले की माऊससुद्धा अडकायचा. घराजवळ कांदिवलीत एकाने लॅपटॉप न बघताच रॅम दिली, ती निघाली डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची, आणि मला लागते डीडीआर४, खाचच जुळेना, वर "ताई सील तोडलंत, आता रिटर्न नाही". ते पैसे बुडालेच. मग भाऊ म्हणाला, सरळ ग्रँट रोडला ईस्टला उतर आणि लॅमिंग्टन रोड गाठ.

इथल्या काकांनी लगेच काही विकायला काढलं नाही, हे फार आवडलं. आधी टास्क मॅनेजर उघडला, मेमरी म्हणजे रॅम ९४ टक्के भरलेली, डिस्क १०० टक्के कामात गुंतलेली. म्हणाले, "डिस्कमध्ये जागा भरपूर आहे हो, पण रॅम पुरत नाही म्हणून विंडोज त्यातलं सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतंय आणि लागलं की परत आणतंय." मी मेली दोन रविवार फोटो डिलीट करत बसले होते, स्पीड वाढेल म्हणून!

८ जीबीची रॅमची स्टिक दुकानात नव्हती, मुलाला गोडाऊनला पिटाळलं, त्यात ३५ मिनिटं गेली. मी वैतागले तर काका हसून म्हणतात, "तुमच्या लॅपटॉपमध्ये पण हेच चाललंय, काउंटरवर असतं तर हातोहात दिलं असतं." राग गेला नाही पण पटलं.

बसल्या बसल्या विचारलं की लाईट गेली की सेव्ह न केलेलं का उडतं. तर रॅममध्ये प्रत्येक बिटाला एक बारीकसा कपॅसिटर असतो, त्यातला चार्ज सारखा गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळं पुन्हा भरावं लागतं, आणि वीजच गेली तर भरणार कोण. प्रोसेसरच्या आतली छोटी मेमरी, कॅश, ती एसरॅम नावाच्या वेगळ्या जातीची, तिला असं भरत बसावं लागत नाही आणि ती जाम फास्ट, पण एका बिटाला सहा ट्रान्झिस्टर खाते म्हणून थोडीशीच देतात, वीज गेली की तीही कोरी. पेनड्राइव्ह आणि एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसते ती फास्ट डिस्क) यांत फ्लॅश मेमरी, ती मात्र विजेशिवायही लक्षात ठेवते.

बसवायला पाच मिनिटं. आधी बॅटरीची वायर काढली, मग स्टिक नवी असूनही तिची सोनेरी पट्टी शाळेतल्या झिजलेल्या खोडरबराने पुसली, तिरकी सरकवली, वरून दाबली, दोन्ही क्लिपा टक्क. जुनी ४ जीबी बोर्डलाच सोल्डर केलेली त्यामुळे ती तशीच, एकूण १२ झाली. दोन्ही सारख्या असत्या तर ड्युअल चॅनेल (दोन्हींतून एकदम डेटा नेणं) पूर्ण मिळाला असता म्हणे, पण माझ्या टॅलीला काय फरक पडतोय.

आता तेवढंच सगळं उघडून मेमरी ५० टक्क्यांच्या आसपास. लॅपटॉप चालू व्हायला मात्र अजून तेवढाच वेळ घेतो, ते एसएसडी टाकल्याशिवाय सुधारणार नाही हे काकांनी आधीच सांगितलं होतं, आणि आजच घ्या म्हणून मागे लागले नाहीत. बिल पक्कं मिळालं, न मागता.

जिना अरुंद आहे, लॅपटॉप सोबत न्याच, नुसतं मॉडेल सांगून आणू नका. आणि निघायच्या आधी फोन करून विचारा, स्टिक काउंटरवर आहे का गोडाऊनला.