आधी फ्रेम, मग सीट: उद्यमनगर आणि लक्ष्मीपुरीतला अनुभव

फोंडा घाट उतरताना मागून बायको म्हणाली, "रबर जळल्याचा वास येतोय बघा." मोटरसायकल कडेला घेतली. डावी बॅग धरून ठेवणारी लोखंडी फ्रेम वेल्डिंगच्या शेजारी तुटली होती, बॅग आत झुकून टायरला घासत होती. कापड फाटून आतला टॉवेल बाहेर आला होता. आणखी दोन-तीन किलोमीटर तसेच गेलो असतो तर बॅगेचा पट्टा चाकात गेला असता. खाली फोंडाघाटच्या बाजारात एका पंक्चरवाल्याने जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दिल्या, त्याने बॅग आवळून कसेबसे मालवण गाठले.

मी हायस्कूलला भूगोल शिकवतो. सुट्टी लागली की आम्ही दोघे साडेतीनशे सीसीच्या गाडीवर निघतो. सात वर्षे हेच चालू आहे. सामानाची फ्रेम तयार घेतलेली होती आणि सीट गाडीबरोबर आलेली. दोन्हींनी त्रास दिला. दोन्ही कामे कोल्हापुरातच करून घेतली, त्याचा हा अनुभव. दुकानांना नावाच्या पाट्या नाहीत, म्हणून कामाबद्दलच लिहितो.

उद्यमनगरात लेथ मशीनच्या रांगेत एक फॅब्रिकेशनवाले मेस्त्री आहेत. तुटलेली फ्रेम त्यांच्या हातात दिली. मला वाटले, जास्त जाड सळई वापरा म्हणून सांगतील. त्यांनी गाडीला उरलेली उजवी फ्रेम खालून धरली आणि नुसत्या दोन बोटांनी आत-बाहेर हलवली. "सर, ही वजनानं मोडली न्हाई. हलून हलून मोडली."

फ्रेम दोनच ठिकाणी बोल्ट केलेली होती, दोन्ही वर. खालचा भाग अधांतरी. एकच सिलिंडर असलेल्या इंजिनाची थरथर, वर खड्डे, आणि बॅगेचे आठ-नऊ किलो. प्रत्येक हिसक्याला फ्रेम आत-बाहेर वाकणार. वेल्डिंगच्या अगदी शेजारचे लोखंड तापून गार झालेले असते, चीर तिथूनच जाते. माझी तिथेच तुटली होती. भरीव सळईऐवजी त्यांनी १६ मिलिमीटरचा पाइप घेतला. वर दोन बोल्ट आणि खाली मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला तिसरा, असे दोन्ही बाजूंना. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नंबरप्लेटच्या मागून एक यू आकाराचा पाइप नेऊन डावी-उजवी बाजू एकमेकींना जोडली. या एका आडव्या पाइपने सगळे बदलले. आता मी पूर्ण जोर लावून बॅग ओढली तरी गाडीच हलते, फ्रेम नाही. तयार फ्रेम घेणाऱ्यांनी आधी हा मागचा आडवा दुवा आहे का ते बघावे. नसेल तर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सायलेन्सर उजवीकडे असल्याने त्या बाजूची फ्रेम जास्त बाहेर येते. सायलेन्सर आणि बॅग यांत चार बोटांचे अंतर त्यांनी मोजून ठेवले. डावी बाजू मात्र आतच घेतली, म्हणजे गाडी उगाच रुंद होत नाही. जड सामान, म्हणजे हवेचा पंप, पाने, पाण्याची बाटली, डाव्या बॅगेत भरायला सांगितले. उजवी बॅग मध्यापासून लांब असते, त्यामुळे कमी वजनातही ती तेवढीच ओढते. आम्ही इतकी वर्षे दोन्ही बॅगा काट्यावर सारख्या करत होतो! जड वस्तू खाली आणि पुढच्या अंगाला, हेही त्यांनीच बजावले. मागच्या एक्सलच्या पाठीमागे वजन गेले की पुढचे चाक हलके होते आणि वेगात हँडल डुलायला लागते. त्या कारणाने मागच्या रॅकवर आता फक्त रेनकोट आणि स्लीपिंग बॅग असते.

तक्रारीही सांगतो. चार दिवसांचे काम बारा दिवसांनी मिळाले. पावडर कोटिंग करून आले तेव्हा नटाच्या आट्यांत रंग बसला होता, टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून साफ करावे लागले. ते मी उभे राहून करून घेतले. डावे साइड पॅनेल काढायचे तर आता १३ नंबरच्या पान्याने फ्रेमचा एक बोल्ट आधी सोडावा लागतो. इंडिकेटर बॅगेमागे लपत होते, ते बाहेर सरकवायचे मी आठवण केल्यावर झाले. कोटिंगसह ४,५०० रुपये गेले. कामाच्या मानाने हे मला योग्य वाटले.

आता सीट. खरा त्रास बायकोला होता. बेळगाव येईपर्यंत हिची कंबर धरायची, उतरल्यावर दोन मिनिटे गाडीला धरून उभी राहायची. मी मऊ कव्हर आणून घातले, मग हवेची गादी आणली. पहिला तास बरे वाटायचे, पुढे आधीपेक्षा वाईट.

लक्ष्मीपुरीच्या एका बोळात सीट शिवणारे मामा आहेत, साठीच्या पुढचे. मी म्हटले, "मामा, जेलची गादी टाकून द्या." ते म्हणाले, "गाडी उन्हात लावल्यावर त्या तापलेल्या जेलवर बसून दाखवा, मग टाकतो." आणि विषय संपवला. त्यांनी आधी हिला बसवले. "वैनी, घरातल्या खुर्चीत बसताय तसं बसा. ताठ न्हाई." पाच मिनिटे बसवून ठेवले, मग हाताने दाबून विचारले, कुठे टोचते. खडूने दोन खुणा केल्या. मग माझ्या.

बसताना आपले वजन दोन हाडांवर येते. फोम फार मऊ असेल तर ती हाडे खाली रुततात, थेट तळाच्या प्लास्टिकला भिडतात आणि बाजूचा फोम मांड्या दाबतो. मऊ सीट तासाभरात का दुखते, याचे उत्तर मला मामांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मिळाले. मामांनी कव्हर उसवून जुना फोम दाखवला, अंगठा दाबला की खड्डा तसाच राहत होता. त्यांनी खाली टणक रिबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला) चिकटवला, वर बोटभर मऊ थर दिला आणि खुणांच्या जागी किंचित खोलगट घासले.

माझी अडचण वेगळी होती. सीटला पुढे टाकीकडे उतार होता. प्रत्येक ब्रेकला मी पुढे घसरायचो आणि सगळा भार मनगटांवर यायचा. मी समजत होतो हँडल चुकीचे आहे. मामांनी पुढचा भाग उचलून बैठक सपाट केली, मनगटे पहिल्याच दिवशी मोकळी झाली. टाकीजवळ मात्र सीट अरुंदच ठेवली, तिथे रुंदी वाढली की मांड्या फाकतात आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. रुंदी दिली ती मागे, हिच्या बाजूला, दोन्हीकडे इंच-इंच. बसण्याच्या जागेवर एकही शिवण नाही, सगळ्या कडेला. आणि रेक्झिनखाली पातळ प्लास्टिक. शिवणीच्या भोकांतून पाणी फोममध्ये गेले की पावसाळाभर सीट वाळत नाही, हे कोल्हापूरकराला सांगायला नको.

पहिल्यांदा सीट उंच झाली होती. सिग्नलला माझे फक्त चवडे टेकायचे. परत नेली. मामांनी चेहऱ्यावर आठी न आणता पुन्हा उसवून घासली, एक रुपया जास्त घेतला नाही. २,८०० रुपये झाले. लॉक बसवताना सीट अजून हाताने दाबावी लागते, एवढीच कसर.

निघण्याआधी मी मागचे शॉकअप दोन खाचा वर केले आणि टायरची हवा दोन माणसांच्या आकड्यावर नेली. मग हंपीसाठी होस्पेटला गेलो. निपाणी, बेळगाव, हुबळी, गदग, कोप्पळ, साधारण साडेतीनशे किलोमीटर. तवंदी घाटात ट्रकच्या मागे वळणे घेताना मागून बॅगांचा जो डुलता धक्का यायचा तो आलाच नाही. धारवाडला चहाला थांबलो, तेव्हा ही उतरली आणि सरळ हॉटेलच्या पायऱ्या चढून आत गेली. मी हेल्मेट हातात घेऊन बघतच राहिलो. इतक्या वर्षांत तिने त्रास सहन केला आणि मी सीटची कव्हरे बदलत बसलो, याचे वाईटही वाटले.

परत आल्यावर फ्रेमचे सगळे बोल्ट तपासले. खालचा डावा पाव आटा सैल झाला होता. मेस्त्रींनी तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीने सहज सैल न होणारा) घालून दिला आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळायला सांगितले. मामांकडे जायचे तर सकाळी अकरानंतर जा, आणि जी मागे बसणार आहे तिला बरोबर न्या. तिला बसवल्याशिवाय ते कातरी हातात घेत नाहीत.