गॅटलिंग, आठ महिन्यांनंतर: पाच सुटतात, सहावं अडकतं

शनिवारी माझी गॅटलिंग पुन्हा अडकली. गॅटलिंग म्हणजे दांडा हाताने फिरवून झाडायची, अनेक नळ्यांची जुन्या धाटणीची बंदूक. आता लिहूनच टाकतो.

आठ महिन्यांपूर्वी इथे अमेरिकेत, इंडियानापोलिसजवळच्या एका दुकानातून सेकंडहँड घेतली. सहा नळ्या, पॉइंट टू-टू (म्हणजे अगदी छोटं काडतूस), पितळी अंग, तिपाईसकट. बाकीची मापं-वजनं ज्यांना हवीत त्यांना पाठ असतात. खरं तर पॉइंट फॉर्टीफाइव्ह-सेव्हंटी या जाड काडतुसाची मोठी प्रतिकृती मनात होती, पण त्याचं एकेक काडतूस दीड-दोन डॉलरला पडतं हे कळल्यावर हौस आपोआप लहान झाली.

कायद्याचं आधी सांगतो, कारण मंडळाच्या गणपतीत प्रत्येक जण तेच विचारतो: "अरे, मशीनगन घरात कशी?" ती मशीनगन नाही. अमेरिकेच्या १९३४च्या कायद्याप्रमाणे चाप एकदा ओढल्यावर आपोआप एकापेक्षा जास्त बार उडाले तर ती मशीनगन. इथे हात फिरतोय तोवर बार, हात थांबला की शांतता. हाताने फिरवायची गॅटलिंग त्या व्याख्येत बसत नाही, हे सरकारने १९५५ सालीच स्पष्ट केलंय. आमच्या मेव्हण्याने पहिल्याच दिवशी "दांड्याला ड्रिल मशीन लाव की" असा सल्ला दिला. मोटर लागली की त्या क्षणी ती मशीनगन होते, आणि १९८६नंतर बनलेली मशीनगन सामान्य माणसाच्या नावावर होत नाही. म्हणजे थेट तुरुंग. मेव्हण्याला चहा दिला आणि ड्रिल आत नेऊन ठेवलं. राज्यांचे नियम निराळे असतात, ते आपापले बघा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर मुळात बंदूक बाळगायलाच मनाई आहे, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडून. मी नागरिकत्व मिळेपर्यंत थांबलो होतो.

आता मूळ दुखणं. पहिले दोन महिने झकास गेले. एका मित्राच्या शेतावर मातीचा उंच बांध आहे, तिथे जायचो, कारण गावातल्या नेमबाजीच्या रेंजवर भरभर बार काढायला बंदी आहे. तिसऱ्या महिन्यापासून अडकायला लागली. ट्रॅक, ट्रॅक, ट्रॅक, ट्रॅक, ट्रॅक, खट्ट. दांडा घट्ट. उघडून बघावं तर पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं रिकामं कवच, नळीतच बसलेली आणि तिच्या ढुंगणाला पुढचं काडतूस येऊन ठेपलेलं. काढायचं, पुन्हा फिरवायचं, पाच सुटले की पुन्हा खट्ट.

ज्या छोट्या कारखान्याने ती बनवली त्यांना फोन केला. उत्तर ठरलेलं: काडतुसं बदला. बदलली. तरी खट्ट. मग बायकोची नेलपॉलिश घेतली आणि सहा नळ्यांच्या तोंडाशी बाहेरून एक ते सहा ठिपके काढले. (रंग लाल होता. ती बाटली मला भरून द्यावी लागली, तोही खर्चात धरा.) अडकलेल्या प्रत्येक वेळी बघितलं, चार ठिपक्यांचीच नळी. अकरापैकी अकरा वेळा! त्या नळीच्या बोल्टवरचा (बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा, मागे-पुढे सरकणारा तुकडा) एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी मागे ओढणारा नखाएवढा आकडा, टोकाशी टवका उडून बोथट झाला होता.

फोटो पाठवले. दोन आठवडे उत्तर नाही. मग कळलं की वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच. आकडा ३८ डॉलर, पाठवणावळ २२. साठ डॉलरचं नख. मी एवढा चिडलो की त्या रात्री एक स्टार देऊन लांबलचक रिव्ह्यू लिहून काढला होता. पोस्ट केला नाही ते बरं झालं, कारण आकडा बसवल्यावरही गन अधूनमधून अडकतच राहिली. आता चारच नव्हे, कुठलीही नळी.

त्या दिवसांत बाबा फलटणहून आले होते. त्यांना इथे माणूस नाही, काम नाही, म्हणून एक दिवस इंडियानापोलिसच्या क्राउन हिल स्मशानभूमीत नेलं. या बंदुकीचा जनक रिचर्ड गॅटलिंग तिथेच पुरलाय. मी त्यांना सांगितलं, हा माणूस डॉक्टरकी शिकला पण दवाखाना कधी थाटला नाही, बंदुकीआधी पेरणीयंत्रं बनवायचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात याच गावातून जाणारे-येणारे जखमी आणि आजारी सैनिक त्याने पाहिले. एका माणसाने शंभरांचं काम केलं तर फौजा लहान होतील आणि रोगराईने कमी माणसं मरतील, असं त्याला वाटलं, म्हणे. ४ नोव्हेंबर १८६२ला पेटंट मिळालं. फौजा काही लहान झाल्या नाहीत. १८९८मध्ये क्युबात सान हुआनच्या टेकड्यांवर अशा तीन गॅटलिंग साडेआठ मिनिटं चालल्या आणि समोरचे खंदक रिकामे झाले.

बाबांनी ते सगळं सोडलं आणि "पेरणीयंत्र" एवढंच धरलं. दुसऱ्या दिवशी शेतावर आले. व्हिजिटर व्हिसावर असल्यामुळे त्यांना गनला हात लावू दिला नाही. मागे खुर्चीवर, कानाला मफ लावून बसवलं. वरच्या उभ्या खोबणीतून काडतुसं वजनानेच खाली घरंगळतात हे बघून म्हणाले, "हे तर चाडंच आहे." चाडं म्हणजे पाभरीवरचं बी सोडायचं भांडं. आणि दोनदा अडकल्यावर: "तू हिसके देतोस. तुझ्या आजीने चाड्यावर मूठ धरली की ओळीत एक दाणा पुढे-मागे पडायचा नाही."

मला राग आला. मी मेकॅनिकल इंजिनिअर आणि हे मला फिरवायला शिकवणार! पण मोजलं तर खरं निघालं. नळ्या पळायला लागल्या की माझा हात आधी जोरात, मग सैल पडायचा, आणि तेवढ्यात खोबणीतलं काडतूस पूर्ण खाली उतरायच्या आत बोल्ट पुढे यायचा. मनात "एक-दोन, एक-दोन" म्हणत एका चालीत फिरवलं तेव्हा सलग २०० गेले. म्हणजे निम्मा दोष माझा. कंपनीचा एक स्टार तीन झाला, पाठवणावळीचा राग अजून तसाच आहे.

अडकण्याची परंपराही जुनीच. ब्रिटिश फौजेच्या गॅटलिंगने अफगाणिस्तानात चारासियाला, १८७९मध्ये, ऐन लढाईत अंग काढून घेतलं होतं. सुदानात १८८५ला अबू क्लीयाला अडकलेलं यंत्र मात्र गॅटलिंग नव्हतं, ती पाच नळ्यांची गार्डनर होती. तीही दांडा फिरवायचीच, पण बदनामी बऱ्याचदा गॅटलिंगच्या पदरात.

एक गोष्ट मात्र गंमत म्हणून सोडू नका. बार उडाला नाही तर लगेच दांडा पुढे रेटायचा नाही. दारू उशिरा पेटली तर नळी तोवर वळून बोल्ट उघडलेला असतो आणि पुंगळी तुमच्याकडे फुटते. दांड्यावरचा हात सोडा, बंदुकीचं तोंड बांधाकडेच ठेवा, निदान मिनिटभर थांबा. मी घड्याळ बघतो.

साफसफाई: सहा नळ्या, सहा बोल्ट, टू-टूची मेणचट काजळी, दीड तास. पुढे बोलत नाही.

आणि शनिवारचं. हात एका चालीत होता, आकडा नवा होता, तरी पाच वेळा अडकली. कारण सेलमध्ये घेतलेली ५,००० काडतुसं. नेहमीची मला ८ सेंटला पडतात, ही ५ला मिळाली. एका फेऱ्याला सहा बार, मिनिटाला साठ फेरे, म्हणजे मिनिटाला २८ डॉलर ८० सेंट. स्वस्तातलं घेतलं तर तेच १८ डॉलर. मिनिटाला जवळजवळ ११ डॉलर वाचतात म्हणून घेतली. त्यातली दर शंभरात दोन-तीन उडत नाहीत, आणि प्रत्येक वेळी ते मिनिटभर थांबणं. मिनिटाचं काम आता दहा मिनिटांत होतं.

४,६०० उरली आहेत. टाकून देणार नाही.